नाव बदलले, पण मुलीच्या वाट्याचे काय?

ट्युनिशियातील एन्नहदा ही चळवळ १९८१ साली उघडपणे राजकारणात उतरली, तेव्हा तिच्या नावातच इस्लाम होता. तिचे नेते राशिद घन्नुशी तुरुंग आणि लंडनमधील दीर्घ विजनवास भोगून, हुकूमशहा बेन अली पळाल्यावर जानेवारी २०११ मध्ये मायदेशी परतले. त्याच वर्षी घटना समितीच्या २१७ पैकी ८९ जागा जिंकून एन्नहदा सर्वात मोठा पक्ष ठरला.

आता शरीयत लादणार, असे अनेकांनी गृहीत धरले होते. वास्तविक घडले उलटेच. शरीयतचा घटनेत उल्लेख नको, हे पक्षाने मार्च २०१२ मध्ये मान्य केले. स्त्रीला पुरुषाची 'पूरक' म्हणणारा मसुदा मागे घेतला गेला, पण त्यासाठी महिलांना रस्त्यावर यावे लागले हेही विसरता कामा नये! २०१४ च्या घटनेने श्रद्धेचे स्वातंत्र्य दिले आणि एखाद्याला काफर ठरवण्यास मनाई केली. मे २०१६ च्या अधिवेशनात पक्ष आणि धर्मप्रचार यांची फारकत झाली. आम्ही यापुढे मुस्लिम लोकशाहीवादी, असे घन्नुशींनी सांगितले. धर्माच्या नावाने उभ्या राहिलेल्या किती पक्षांनी एवढे केले आहे?

परंतु खरी कसोटी घरात होती. जुलै २०१८ मध्ये याच पक्षातर्फे सुआद अब्देर्रहीम राजधानी ट्युनिसच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. त्या डोक्यावर रुमालही घेत नाहीत. पुढच्याच महिन्यात राष्ट्राध्यक्ष एसेब्सी यांनी मुलगा आणि मुलीला वारसाहक्कात समान वाटा देणारे विधेयक जाहीर केले. ज्याला जुनी वाटणी हवी त्याने हयातीत तसे नोंदवावे, अशी सवलतही त्यात होती. तरीही एन्नहदाने नकार दिला. कारण काय, तर कुराणाची आज्ञा स्पष्ट आहे!

हा युक्तिवाद टिकत नाही. कुराणात गुलामांविषयीही नियम आहेत. तरी ट्युनिसच्या अहमद बे यांनी १८४६ मध्ये गुलामगिरी बंद केली आणि तेथील मुफ्तींनी त्याला संमती दिली. झैतुना या धर्मपीठातच शिकलेले, कामगार चळवळीत वावरलेले ताहर हद्दाद यांनी १९३० साली गुलामगिरीचाच दाखला देऊन स्त्रीच्या समान हक्काची बाजू मांडली. उलेमांनी त्यांना वाळीत टाकले आणि १९३५ मध्ये ते तरुणपणीच वारले. म्हणजे नव्या विचाराचे बी परदेशातून आणायचे नव्हते, ते घरातच पडलेले होते. घन्नुशींनी ते उचलले नाही. मतदार दुखावेल ही भीती त्यामागे होती, असे माझे मत आहे.

२०१९ मध्ये एसेब्सी वारले आणि विधेयकही बारगळले. नंतर आलेले कैस सईद एन्नहदाचे कट्टर विरोधक, पण समान वाट्याला त्यांचाही विरोधच. त्यांनी जुलै २०२१ मध्ये संसद गोठवली, एप्रिल २०२३ मध्ये घन्नुशींना अटक झाली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये त्यांना २२ वर्षांची शिक्षा ठोठावण्यात आली. ही दडपशाही निषेधार्हच आहे. मात्र तुरुंगाबाहेर उरलेल्या कार्यकर्त्यांनी पक्ष पुन्हा उभा करताना २०१८ चा तो नकार आधी मागे घ्यावा.