चिकटवलेले बळ किती वर्षे टिकणार?

नाशिक महापालिकेची स्थापना १९८२ मधली. त्या सुमारास शहरात उभ्या राहिलेल्या इमारतींनी आता चाळिशी ओलांडली आहे. तीस वर्षांहून जुन्या इमारतींचे स्ट्रक्चरल ऑडिट कायद्याने बंधनकारक आहे. त्यात बीम किंवा स्लॅब कमकुवत आढळल्यास त्यावर कार्बन तंतूंची पट्टी इपॉक्सीने चिकटविणे, हा एक उपाय असतो. ही पट्टी हलकी, बळकट असते आणि गंजत नाही. मात्र काँक्रीटवरील भार तिच्यापर्यंत पोहोचतो तो इपॉक्सीच्या पातळ थरातूनच. त्यामुळे दुरुस्तीचे आयुष्य या थरावर अवलंबून असते.

या थराचा पहिला शत्रू उष्णता. जागेवर घट्ट होणारी अनेक इपॉक्सी साधारण ४५ ते ६५ अंश सेल्सिअसला मऊ पडू लागतात. नाशिकचा पारा एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकतो आणि उन्हात तापलेली गच्ची त्याहून बरीच गरम होते. दुसरा शत्रू ओलावा. पाणी शोषलेले इपॉक्सी आणखी कमी तापमानाला मऊ होते. नवा जोड ओढून पाहिल्यास सहसा काँक्रीटच तुटते. दीर्घकाळ ओलावा मुरल्यावर मात्र गोंदच काँक्रीटपासून सुटू शकतो.

तिसरा शत्रू म्हणजे सततचा भार. अमेरिकेतील बोस्टन येथे १० जुलै २००६ रोजी बोगद्याच्या छताचे काँक्रीटचे तुकडे मोटारीवर कोसळून एक महिला मृत्युमुखी पडली. छताचे अँकर ज्या इपॉक्सीत बसविले होते, ते कायम भाराखाली हळूहळू सरकत गेल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. अल्पकाळ घेतलेली भारचाचणी दीर्घकाळची हमी देत नाही, हा त्याचा धडा.

म्हणूनच अमेरिकी मार्गदर्शिकेनुसार उघड्यावरील कार्बन पट्टीचे बळ हिशेबात १५ टक्के, तर काचतंतूंचे ३५ टक्के कमी धरले जाते. शिवाय पट्टी निखळली तरी मूळ बांधकाम कोसळू नये, अशी अट असते.

सोसायट्यांनीही काही गोष्टींची खातरजमा करणे हिताचे. गंजलेल्या सळ्यांची दुरुस्ती आधी झाली का? काँक्रीटचा भुसभुशीत थर खरवडून, पृष्ठभाग कोरडा करून ओढ-चाचणी घेतली का? पट्टीला ऊन, पाणी व आगीपासून संरक्षण आहे का? त्यानंतरही पट्टीवर अधूनमधून हलक्या हातोडीने ठोकून पाहावे. पोकळ आवाज आल्यास जोड सुटू लागल्याची शक्यता असते आणि अभियंत्याला बोलावण्यात विलंब करू नये.