सही करण्यापूर्वी : विवाह, मालमत्ता आणि करार



गेल्या कोजागरीला दूध पिता पिता गप्पांची गाडी एका सिनेनटाच्या घटस्फोटावर आली. पोटगीचा आकडा किती कोटींचा, याबद्दल प्रत्येकाची माहिती वेगळी होती. शेवटी माझे एक सन्मित्र म्हणाले, "मी तर ठरवूनच टाकले आहे. मुलाचे लग्न मे महिन्यात आहे, त्याआधी करार करून घ्यायचा. आपले घर, आपली बागायत सुरक्षित राहिली पाहिजे." मग माझ्याकडे वळून विचारले, "तुम्ही बँकेत होता. असा करार आपल्याकडे चालतो का हो?"

"चालतो. भारतात असा करार कायद्याने मान्य असलेली ठिकाणे मोजकी आणि त्यात आपला गोवा आहे," असे मी म्हटल्यावर बऱ्याच जणांना आश्चर्य वाटले. म्हणून हा लेख. मी वकील नाही. बी. कॉम. होऊन बँकेत नोकरी केलेला माणूस. पण गोव्यात कर्ज विभागात बसले की हा कायदा शिकावाच लागतो.

करार केला नाही तरी एक करार असतोच

पोर्तुगालची १८६७ची नागरी संहिता गोव्यात १८७० पासून लागू झाली. १९६१ साली गोवा मुक्त झाला. पण पुढच्याच वर्षी संसदेने केलेल्या कायद्यानुसार इथले जुने कायदे चालू राहिले. त्यामुळे लग्न आणि मालमत्ता यांबाबत आजही इथे या संहितेचे नियम चालतात.

त्यातला मुख्य नियम असा : लग्नापूर्वी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते आणि त्यात प्रत्येकाचा अर्धा वाटा असतो. काही ठरावीक अपवाद सोडले तर लग्नाआधीची, लग्नानंतर कमावलेली आणि वारशाने आलेली अशी सगळी मालमत्ता यात येते. कागदावर नाव कोणाचे आहे, याने फरक पडत नाही.

बँकेत असताना एक गृहस्थ दुकानाची जागा तारण ठेवून कर्ज मागायला आले होते. कागदपत्रे चोख होती. मी म्हटले, "सहीसाठी मिसेसना घेऊन या." ते चिडले. "जागा माझ्या वडिलांची. तिचा काय संबंध?" संबंध असा, की गोव्यात स्थावर मालमत्ता विकायची किंवा गहाण टाकायची तर पती-पत्नी दोघांची संमती लागते. दुसऱ्या दिवशी त्या बाई आल्या. कुठे सही करायची ते मी दाखवत होतो, तेवढ्यात त्यांनी विचारले, "म्हणजे ही जागा माझीपण आहे?" लग्नाला वीस वर्षे झाली होती. इतक्या वर्षांत कोणी त्यांना हे सांगितलेच नव्हते.

आयकर खात्यालाही हा नियम ठाऊक आहे. १९६१च्या आयकर कायद्यात त्यासाठी ५अ हे खास कलम होते. पगार ज्याचा त्याच्या विवरणात. पण ठेवीवरचे व्याज, घरभाडे, धंद्याचे उत्पन्न पती-पत्नींमध्ये निम्मे निम्मे. आपल्यापैकी अनेकजण वर्षानुवर्षे असे विवरण भरत आले. पण ते निम्मे कुठून आले, हा प्रश्न फारसा कोणी सी. ए.ला विचारला नसेल.

अब्जाधीशांचा घटस्फोट आणि आपण

२०१९ साली ॲमेझॉनचे जेफ बेझोस आणि मॅकेन्झी यांचा घटस्फोट झाला. लग्न १९९३चे, कंपनी १९९४ची. विवाहपूर्व करार नसल्याचे तेव्हाच्या बातम्यांत आले होते. ते दोघे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात राहत होते आणि तिथेही लग्नानंतर कमावलेली मालमत्ता दोघांची मानली जाते. दोघांनी आपसात ठरवून ॲमेझॉनच्या आपल्या शेअरपैकी ७५ टक्के जेफ यांच्याकडे ठेवले आणि २५ टक्के मॅकेन्झी यांना मिळाले. हा हिस्सा म्हणजे कंपनीचे ४ टक्के, त्या वेळच्या भावाने सुमारे ३५ अब्ज डॉलर.

बातमी वाचताना आपण आकड्याने दिपून जातो आणि "बाईने केवढे नेले" असे म्हणतो. पण कंपनी लग्नानंतर उभी राहिली होती. कायद्याच्या हिशोबाने तो पैसा पहिल्यापासून दोघांचा होता. आपला गोव्याचा नियम तर त्याहून व्यापक, कारण तो लग्नाआधीची आणि वडिलोपार्जित मालमत्ताही धरतो.

मुलगी पुण्याला किंवा बेळगावला दिली तर?

आपल्या कितीतरी मुली सीमेपलीकडे नांदतात, म्हणून हेही लक्षात ठेवावे. देशात इतरत्र हिंदू विवाहात अशी आपोआप होणारी भागीदारी नाही. घर ज्याच्या नावावर, त्याचे. घटस्फोट झाला तर १९५५च्या हिंदू विवाह कायद्याने पोटगी मागता येते. पण वीस वर्षे संसार केला म्हणून घराचा अर्धा हिस्सा मिळत नाही. स्त्रीधन मात्र पूर्णपणे तिचे असते. १९८५ साली प्रतिभा राणी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले आहे.

विवाहपूर्व कराराला तिथे असा ठोस आधार नाही. १८७२च्या करार कायद्याचे कलम २३ सार्वजनिक धोरणाच्या विरोधात जाणारे करार रद्दबातल ठरवते आणि अशा करारांवर न्यायालयात त्याच कलमाचे बोट ठेवले जाते. पोटगीचा हक्क आधीच लिहून सोडून देता येत नाही, असेही न्यायालयांनी वेळोवेळी म्हटले आहे. तेव्हा बाहेर दिलेल्या मुलीसाठी करारापेक्षा साध्या गोष्टी उपयोगाच्या : फ्लॅटच्या खरेदीखतात तिचे नाव, तिच्या पगाराचे स्वतंत्र खाते, दागिन्यांची पावत्यांसह यादी आणि लॉकर तिच्याही नावावर.

गोव्यात करार करायचा असेल तर

गोव्यात लग्नापूर्वी मुख्यतः तीन मार्ग असतात. पहिला, काहीच न करणे. मग सगळे सामाईक. दुसरा, लग्नाआधीचे ज्याचे त्याचे आणि लग्नानंतर कमावलेले दोघांचे. तिसरा, सगळेच वेगळे. संहितेत स्त्रीला मिळालेल्या मालमत्तेसंबंधी आणखी एक जुनी पद्धत आहे. ती आता क्वचितच कोणी निवडते.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवाव्यात. करार अधिकृत दस्त म्हणून नोंदवावा लागतो. घरी स्टॅम्प पेपरवर लिहून भागत नाही. आणि तो लग्नाआधीच व्हावा लागतो. एकदा लग्न झाले की निवडलेली पद्धत बदलता येत नाही. मांडवात अक्षता पडल्या तरी कायद्याचे लग्न रजिस्टरमध्ये लागते. इथे आधी इच्छा जाहीर करणाऱ्या पहिल्या सह्या आणि काही दिवसांनी दुसऱ्या सह्या होतात. वकिलाकडे जायचे तर पहिल्या सह्यांच्याही आधी जावे. वधू किंवा वर गोव्याबाहेरचा असेल तर ते विशेष गरजेचे आहे.

आणि वाचल्याशिवाय सही करू नये. इंग्लंडमधला एक खटला यासाठी सांगण्यासारखा आहे. काट्रिन राडमाखर ही श्रीमंत जर्मन घराण्यातली मुलगी, नवरा निकोलस ग्रानातिनो फ्रेंच आणि पेशाने बँकर. १९९८ साली लग्नापूर्वी त्यांनी करार केला की एकमेकांच्या संपत्तीवर हक्क सांगायचा नाही. नवऱ्याने त्यासाठी स्वतंत्र वकिलाचा सल्ला घेतला नाही. पुढे त्याने बँक सोडली, संशोधनाकडे वळला आणि नंतर घटस्फोट झाला. २०१० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कराराला निर्णायक महत्त्व दिले. स्वखुशीने आणि परिणाम समजून केलेला करार, अन्याय होत नसेल तर पाळावा, असा त्या निकालाचा आशय. इतरांना कर्जाच्या अटी वाचायला सांगणारा बँकर स्वतः सही करताना सल्ला घ्यायला विसरला, हे वाचून मला आमच्या व्यवसायाची थोडी लाजच वाटली.

माझे मत

घर मोडेल म्हणून करार करावा, असे मी म्हणणार नाही. पण काही घरांत तो शहाणपणाचा ठरतो. उदाहरणार्थ, पुनर्विवाह असून आधीची मुले आहेत, धंद्यात भावांची भागीदारी आहे, किंवा धंदा जोखमीचा आहे. बाकीच्या घरांत सामाईक मालमत्तेचा नियम नोकरी सोडून मुले सांभाळणाऱ्या व्यक्तीला मोठा आधार असतो आणि आपल्याकडे ही व्यक्ती बहुधा सून असते. सेलिब्रिटींच्या बातम्या वाचून तो आधार काढून घेण्याआधी विचार करावा.

कोजागरीच्या त्या रात्री मी मित्राला एवढेच विचारले, "तुमच्या मुलीचेही लग्न व्हायचे आहे. तिच्या सासऱ्यांनी हाच कागद पुढे केला तर?" ते काही बोलले नाहीत. दूध संपवून घरी गेले.

पंधरा दिवसांनी त्यांचा फोन आला. मुलगा आणि होणारी सून दोघे मिळून वकिलाकडे गेली होती. त्यांनी दुसरा मार्ग निवडला : लग्नाआधीचे ज्याचे त्याचे, नंतरचे दोघांचे. "आम्हाला विचारलेसुद्धा नाही," अशी त्यांची तक्रार होती. मी म्हटले, "बरोबरच केले. सह्या त्यांच्या आहेत."