माल आणि माणूस (लेखांक 7) : काट्यांवर टांगलेली एक टनाची बॅग

शंभर किलोचं पोतं पन्नास किलोवर कसं आलं, ते मागच्या लेखांकात पाहिलं. डॉ. बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं लावलेला रेटा, महाराष्ट्राचा 1969 चा माथाडी कायदा, प्रौढ पुरुषाच्या ओझ्याला 55 किलोची मर्यादा सुचवणारी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची 1967 ची शिफारस, हे सगळं पाठीवरचं ओझं हलकं करण्यासाठी होतं. आजचं ओझं माणसानं उचलायचंच नाही. ते फोर्कलिफ्टनं उचलायचं आहे.

सेलूची बाजारपेठ कापसानं मोठी केली. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरचं स्टेशन, जिनिंग-प्रेसिंग, सरकी, पेंड आणि आता सोयाबीन. रुईच्या गाठीचा प्रश्न केव्हाच सुटला आहे. 170 किलोची ती गाठ दाबून, आवळून एकसंध केलेली असते. सरकी, पेंड, मिश्रखत हा माल मात्र सुटा. तो भरायचा, शिवायचा, थप्पी लावायची, पुन्हा उतरवायची. दहा टनांचा ट्रक म्हणजे पन्नास किलोचे दोनशे कट्टे. चढवताना दोनशे वेळा आणि उतरवताना दोनशे वेळा कुणाची तरी पाठ वाकते. म्हणूनच टनभर वजन पेलणाऱ्या, फोर्कलिफ्टनं उचलायच्या जम्बो बॅगेचा विचार सेलूसारख्या गावातही करायला हवा. अन्नधान्य आणि साखर यांच्या वेष्टनाला 1987 च्या ताग कायद्याचे नियम लागू आहेत, त्यामुळे ती बाजूला ठेवू.

पहिली गल्लत वजनाची होते. बॅगेवर ‘1000 किलो’ छापलेलं असतं आणि घेणारा समजतो, आपला टनभर माल मावणार. छापलेला आकडा पेलण्याचा असतो, मावण्याचा नसतो. 90 सेंटिमीटर लांब, तेवढीच रुंद आणि 120 सेंटिमीटर उंच बॅगेत एक घनमीटरला थोडी कमी जागा असते. तिच्यात सोयाबीन सातशे किलोच्या आसपास मावतं. डीएपीसारखं जड खत नऊशेपर्यंत जातं. सरकी मात्र साडेतीनशेच्या आसपासच थांबते. शिवाय सरकीला तंतू चिकटलेले असतात. ती घरंगळत नाही, एकमेकींत गुंतून राहते, आणि बॅगेच्या खालच्या तोंडाची दोरी सोडली तरी आत कमान धरून बसते. सरकीच भरायची असेल तर पूर्ण उघडणाऱ्या तळाची बॅग घ्यावी. माझं मत विचाराल तर सरकीसाठी हा खर्च क्वचितच परवडतो. पेंड, खत आणि प्लास्टिकचा दाणा यांना ही बॅग खरी शोभते.

आता लूपकडे, म्हणजे बॅग उचलायच्या पट्ट्यांकडे वळू. भाव विचारताना कापडाचं ग्रॅममधलं वजन विचारलं जातं, लूपबद्दल कुणी विचारत नाही. यार्डातली सुरक्षितता मात्र तिथेच ठरते. साध्या बॅगेचे चार लूप कोपऱ्यांच्या शिवणीत बसवलेले असतात. बॅग भरली की ते मऊ पट्ट्यासारखे बाजूला लोळतात. मग एक मदतनीस पुढे होतो, दोन्ही हातांनी लूप उभे धरतो, आणि ड्रायव्हर त्याच्या बोटांच्या शेजारून फोर्कलिफ्टचे लोखंडी काटे आत घालतो. दिवसभर, प्रत्येक बॅगेला. हातात हातमोजे असोत वा नसोत, काटा इंचभर इकडचा तिकडे झाला तर काय होईल हे सांगायला नको.

दुसऱ्या प्रकारात लूपची दोन टोकं कोपऱ्याच्या दोन बाजूंना, शेजारच्या दोन भिंतींवर शिवलेली असतात. त्यामुळे लूप कोपऱ्यावर आडवा ताणला जातो आणि आपोआप उभा, उघडा राहतो. तिसऱ्या प्रकारात बॅगेच्या माथ्यावर कापडाचेच दोन लांब बोगदे असतात आणि काटे सरळ त्यांत शिरतात. या दोन्हींत ड्रायव्हर एकटा बॅग उचलू शकतो. फोर्कलिफ्टला योग्य बॅग कोणती, याचं माझं उत्तर एवढंच आहे: जी उचलताना काट्यांजवळ दुसरा माणूस लागत नाही ती. अशी बॅग थोडी महाग पडते. ते जास्तीचे पैसे आनंदानं द्यावेत.

काट्यांतलं अंतर बॅगेच्या रुंदीशी जुळलं पाहिजे, म्हणजे लूप सरळ खाली येतात. अंतर कमी असेल तर लूप आत ओढले जातात आणि शिवणीवर तिरका ताण येतो. काट्यांच्या कडा धारदार असतील तर घासून गोल कराव्यात किंवा वर नळीचं आवरण चढवावं. जड बॅग हेलकावू लागली की धारेवर पट्टा करवतीखाली धरल्यासारखा कापला जातो. चारपैकी तीनच लूपवर बॅग उचलू नये. मास्ट, म्हणजे काटे ज्यावर वर-खाली होतात तो उभा सांगाडा, पुढे झुकवू नये. आणि टांगलेल्या बॅगेखाली, तोंड सोडण्यासाठीसुद्धा, कुणाचा हात किंवा डोकं जाऊ देऊ नये. खाली भक्कम आधार असेल तरच तोंड सोडावं.

बॅग टांगून नेण्यात एक अडचण आहे, ती यार्डात गेल्याशिवाय लक्षात येत नाही. पॅलेटवरचा माल नेताना काटे जमिनीलगत असतात. टांगलेली बॅग मात्र लूपसकट दीड मीटर लोंबते, म्हणजे ती जमिनीपासून जेमतेम सुटायलाही काटे ड्रायव्हरच्या छातीइतके वर घ्यावे लागतात. समोर दिसते ती फक्त बॅग. मग गाडी उलटी चालवावी लागते, तीही सावकाश, कारण वेग एकदम बदलला की बॅग पुढे-मागे झुलते, आणि ती पुढे झुलली की तोल पुढच्या चाकांवर जातो. फोर्कलिफ्टची छापील क्षमता साधारणपणे काट्यांच्या मुळापासून अर्ध्या मीटरवर ठेवलेल्या, न हलणाऱ्या मालासाठी असते. झुलणाऱ्या टनाला दीड टनाचं यंत्र काठावरचं ठरतं. खड्डे पडलेल्या यार्डात तर नकोच.

ट्रकचाही हिशेब आधीच करावा. आपल्याकडच्या ट्रकला बाजूच्या पक्क्या भिंती असतात. त्यांच्यावरून बॅग आत सोडायची तर काटे चार मीटरच्या पुढे न्यावे लागतात, आणि बहुतेक फोर्कलिफ्टचा मास्ट तीन मीटरपर्यंतच उघडतो. म्हणजे मागचा फाळका उघडून धक्क्यावरून भरणं, नाहीतर बाजू उघडणारी गाडी बोलावणं. भरलेली 90 सेंटिमीटरची बॅग पोट सुटून मीटरपेक्षा रुंद होते, त्यामुळे सात फुटी हौद्यात दोन बॅगा शेजारीशेजारी कशाबशा बसतात. आतून पडदे शिवलेली चौकोनी बॅग घेतली तर हे पोट सुटत नाही. पण त्याआधी समोरच्या व्यापाऱ्याला फोन करून विचारावं, त्याच्याकडे फोर्कलिफ्ट आहे का. नसेल तर तिथले हमाल ती बॅग चाकूनं फाडून माल घमेल्यांनी काढतील, आणि इथे वाचलेले कष्ट तिथे दुप्पट होतील.

ताकदीच्या खुणेवर मात्र अजिबात तडजोड नको. बॅगेच्या लेबलवर 5:1 किंवा 6:1 लिहिलेलं असतं. 5:1 ची बॅग एकदाच वापरायची. तिच्या नमुन्याला नेमलेल्या वजनाच्या दुप्पट भार 30 वेळा देऊन शेवटी पाचपट भारापर्यंत तपासतात. 6:1 च्या नमुन्याला चौपट भार 70 वेळा आणि शेवटी सहापट. तीच पुन्हा वापरता येते. यासाठी आयएसओ 21898 हे मानक आहे. लेबलवर ते, बनवणाऱ्याचं नाव, तारीख आणि चाचणी अहवालाचा क्रमांक नसेल तर माल परत करावा.

भंगारातून आलेल्या वापरलेल्या जम्बो बॅगा हल्ली शेतातही दिसतात. भुसा भरून जमिनीवर ठेवायला त्या चालतीलही, पण आधी त्यांत काय होतं हे ठाऊक नसेल तर जनावरांच्या पेंडीला त्या वापरू नयेत, आणि काट्यांवर तर कधीच टांगू नयेत. मराठवाड्याच्या उन्हात बॅगेचं पॉलिप्रॉपिलीनचं कापड ठिसूळ होतं. कापड वरून धडधाकट दिसतं, नखानं ओढलं की धागा भुकटी होऊन सुटतो. नव्या बॅगांनाही उन्हाला टिकण्याचं रसायन घातलेलं आहे का ते विचारावं, आणि गठ्ठे शेडखालीच ठेवावेत. बारीक भुकटीचा किंवा पेट घेणारा माल असेल, तर कापडावर साचणारी स्थिर वीज वाहून नेणारी बॅग लागते. जिनिंगच्या आवारात डिझेल फोर्कलिफ्ट फिरणार असेल तर तिच्या धुराड्याला ठिणगीरोधक बसवून घ्यावा. रुईला ठिणगी पुरते.

हजार बॅगांची ऑर्डर देण्याआधी दोन नमुने मागवा. त्यांत आपलाच माल भरा, आपल्याच ड्रायव्हरला आपल्याच यार्डात त्या उचलू द्या, आणि उतरवल्यावर लूपच्या शिवणी बोटांनी चाचपून पाहा. खरेदीचा निर्णय त्या ड्रायव्हरला आणि हमालांच्या मुकादमाला शेजारी बसवून घ्या. हमालांच्या टोळीचं काम यंत्राकडे जाणार असेल, तर भरणी, शिवण आणि तपासणीची नवी कामं त्याच टोळीला कशी मिळतील, हेही त्याच बैठकीत ठरवा. माथाडी मंडळात नोंद असलेल्या कामगारांच्या बाबतीत मंडळाशी आधी बोलावंच लागेल.

पुढच्या आठवड्यात बॅगेची वरची आणि खालची तोंडं, त्यांच्या गाठी आणि भरणीचा सांगाडा.