न दुखणारे वाकडे बोट

शिवाजी पार्कचा कट्टा सकाळी सहापासूनच भरू लागतो. मैदानाच्या फेऱ्या संपल्या की ओळखीचे लोक एकमेकांना हात जोडतात, टाळी देतात आणि गप्पांना बसतात. अशाच एखाद्या नमस्कारात लक्षात येते, की समोरच्या सत्तरीच्या आजोबांची करंगळी आणि शेजारची अनामिका तळहाताकडे वळली आहे. विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘अहो, वयाचा वात. दुखत तर नाही, मग कशाला डॉक्टर?’

न दुखणे हीच या आजाराची खरी गोम. दुखले असते तर माणूस महिन्याभरात दवाखान्यात आला असता. इथे मात्र तोंड धुताना वाकलेले बोट डोळ्यात जाऊ लागते, खिशातून पाकीट काढताना हात अडकतो, पेटी वाजवणाऱ्याच्या हाताला लांबचा सूर गाठता येईनासा होतो, तेव्हा कुठे काळजी वाटू लागते. तोवर तेलाचे मालीश, मिठाचा शेक, वाताच्या गोळ्या, यूरिक ॲसिडची तपासणी असे सगळे होऊन गेलेले असते. यात दोन-तीन वर्षे सहज जातात.

या आजाराला ‘ड्युपुट्रेन’ असे नाव आहे. तळहाताच्या त्वचेखाली एक चिवट पडदा असतो. वस्तू पकडताना कातडी सरकू नये म्हणून तो तिला घट्ट धरून ठेवतो. हा पडदा काही जणांत जाड होऊ लागतो. आधी अनामिकेच्या खाली तळहातावर घट्टा वाटावा अशी गाठ येते, शेजारी खळगा पडतो. पुढे गाठीपासून बोटाकडे ताठ दोरी तयार होते आणि ती आखडत जाऊन बोटाला खाली ओढते. पॅरिसमधल्या ड्युपुट्रेन या शल्यविशारदाने १८३१ मध्ये अशा रुग्णाचे बोट शस्त्रक्रियेने मोकळे केले. बोट हलवणाऱ्या स्नायूच्या कंडरेत दोष नसून तो या पडद्यात आहे, हे त्याने शवविच्छेदन करून दाखवले होते. आजही अनेकांना वाटते, की ‘शीर आखडली’ आहे आणि ती चोळून सुटेल. चोळून ती सुटत नाही. जोर लावून ओढण्यातही काही हशील नाही.

उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत हा आजार बराच आढळतो. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या हातावर १९८६ मध्ये याचीच शस्त्रक्रिया झाली. आपल्याकडे तो तुलनेने कमी, म्हणूनच चटकन ओळखला जात नाही. मधुमेह मात्र आपल्याकडे घरोघरी आहे, आणि मधुमेहात तळहाताचा हा पडदा जाड होण्याचे प्रमाण जास्त असते. शिवाय मधुमेहात बोटांचे सांधे नुसतेच ताठरही होतात. नमस्कार करताना दोन्ही तळवे आणि बोटे एकमेकांना पूर्ण टेकत नसतील, मधे फट राहत असेल, तर साखर तपासायला हवी.

वाकडे बोट म्हटले की आणखी एका आजाराचा विचार करावाच लागतो. वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ कुष्ठरुग्णालय १८९० मध्ये सुरू झाले, ते मुंबईचे तेव्हाचे म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने. (मराठी पोवाडे जमवून शाळिग्रामांच्या साथीने छापणारे अ‍ॅकवर्थ ते हेच.) कुष्ठरोगात कोपराजवळची नस सुजते आणि करंगळी-अनामिका पंज्यासारखी वळते. ड्युपुट्रेनमधला फरक घरीही कळतो. नस बिघडली असेल तर बोटांना बधिरपणा असतो, तळहातावर दोरी लागत नाही आणि सुरुवातीला तरी दुसऱ्या हाताने बोट सरळ करता येते. नसेची इजा सहा महिन्यांच्या आत ओळखली तर औषधांनी ताकद परत येण्याची चांगली शक्यता असते. उशीर झाला तरीही मार्ग आहे. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी आणि मुंबईत जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अंतिया यांनी अशा हातांवर शस्त्रक्रिया करून दाखवल्या, तेव्हा या रुग्णांना हात लावायलाही लोक तयार नसत. कुष्ठरोगाची औषधे सरकारी दवाखान्यांत मोफत मिळतात. तरी ‘लोक काय म्हणतील’ या भीतीने तपासणी टाळणारे आजही आहेत. वाकडे बोट खिशात लपवून नस वाचत नाही.

खटका बसून अडकणारे आणि ‘टक्’ आवाज करून सुटणारे बोट हा प्रकार वेगळा. तो बहुतेकदा एका इंजेक्शनने किंवा छोट्या शस्त्रक्रियेने बरा होतो.

शिवाजी पार्कवर वाकड्या बोटांची दुसरी पिढीही दिसते, ती नेटमध्ये. आचरेकर सरांच्या काळापासून इथे झेल घेताना बोटावर चेंडू बसलेली मुले कमी नाहीत. मित्र बोट धरून ओढतो, बर्फ लावला जातो आणि खेळ पुढे सुरू होतो. बोटाचे टोक खाली लोंबत असेल तर कंडरा तुटलेली असू शकते. अशा वेळी टोक सरळ ठेवणारी पट्टी सहा ते आठ आठवडे, एकदाही न काढता, बांधावी लागते. मधल्या सांध्यावरची कंडरा तुटली तर बोट पहिल्या दिवशी जवळजवळ सरळ दिसते आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाकते. तेव्हा आई-वडील मुलाला घेऊन येतात. पहिल्या आठवड्यातला एक्स-रे आणि तपासणी इथे फार मोलाची ठरते.

ड्युपुट्रेनमध्ये घाई नसते, पण मोजमाप हवे. हात टेबलावर पालथा ठेवावा. तळवा आणि बोटे सपाट टेकत असतील तर बहुधा नुसते लक्ष ठेवणे पुरते. टेकत नसतील तर हाताच्या शल्यविशारदाकडे जावे. हे डॉक्टर अस्थिरोग किंवा प्लास्टिक सर्जरी या दोनपैकी एका शाखेतून आलेले असतात. परळचे केईएम, सायन, नायर, जे. जे. या मोठ्या सार्वजनिक रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचे विभाग आहेत. केसपेपर काढताना ‘सांधेदुखी’ न म्हणता ‘बोट सरळ होत नाही’ असे स्पष्ट सांगितले तर योग्य ओपीडीत लवकर पोहोचता येते.

बोटाच्या मुळाचा सांधा तीस अंशांच्या आसपास वाकला की सहसा उपचाराचा विचार होतो. तो उशिरानेही सरळ करता येतो. मधला सांधा मात्र हट्टी. तो फार काळ वाकलेला राहिला तर आतले बंध आखडतात, आणि दोरी काढूनही बोट पूर्ण उघडत नाही. दोन वर्षे वाट पाहण्याची किंमत मोजावी लागते ती इथे.

उपचार म्हणजे सुईने दोरी तोडणे किंवा शस्त्रक्रिया करून ती काढणे. दोरीने बोटाची संवेदना-नस जागेवरून ओढून थेट कातडीखाली आणलेली असते, म्हणून हे काम सरावाच्या हाताचे. आजार काही वर्षांनी परतू शकतो, सुईच्या उपचारानंतर तर अधिक. शस्त्रक्रियेआधी तीन प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावेत: माझे बोट किती सरळ होईल, नसेला धोका किती आणि नंतरचा व्यायाम कोण शिकवेल? तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. टाके निघाल्यावर काही महिने रात्री पट्टी आणि दिवसातून अनेकदा बोटे मिटण्या-उघडण्याचा व्यायाम करावा लागू शकतो. सुरुवातीचे काही दिवस हात छातीच्या वर ठेवायचा असतो. त्यामुळे फेरी मारायला निघालेच तर तो खाली लोंबकळत ठेवू नये, झोळीत घ्यावा.