भजन मराठी, मग चित्र परके का?

मराठी ख्रिस्ती माणसाने आपल्या भाषेत देवाचे गुणगान केव्हाच सुरू केले. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापले गेले. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन आणि कीर्तन मंडळीत रुजवले. मात्र त्याच मंडळीतल्या घरांच्या भिंतींवर पाहावे, तर येशूचे चित्र बहुधा युरोपीय चेहऱ्याचेच असते. अमेरिकेतील वॉर्नर सॉलमन यांनी १९४० साली रंगवलेल्या येशूच्या मुखचित्राच्या कोट्यवधी प्रती जगभर गेल्या आणि तोच चेहरा अनेकांना खरा वाटू लागला. आपल्या श्रद्धेचे कान मराठी झाले, डोळे मात्र परकेच राहिले. ही उणीव सजावटीपुरती नाही. चित्र काढणे हे सृष्टीच्या सौंदर्याला श्रद्धावंताने दिलेले उत्तर आहे, आणि उत्तर द्यायचे तर ते आपल्या नजरेने पाहिलेल्या सृष्टीलाच देता येते.

या विचाराला बायबलचा भक्कम आधार आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव एकेक गोष्ट निर्माण करतो, ती न्याहाळतो आणि चांगली असल्याचा निर्वाळा देतो. उपयोग काय, हा प्रश्न तिथे आधी येत नाही. आधी येतो पाहण्यातला संतोष. माणूस त्याच देवाच्या प्रतिरूपाचा, म्हणून घडवणे आणि पाहून आनंदणे हे दोन्ही त्याच्या वाट्याला आले आहे. निर्गमाच्या एकतिसाव्या अध्यायात तर बसालेल या कारागिराला देवाने आपल्या आत्म्याने भरल्याचे सांगितले आहे. हे सामर्थ्य त्याला मिळाले ते सोन्यारुप्याच्या व पितळेच्या घडणीसाठी, रत्नांना पैलू पाडण्यासाठी आणि लाकडाच्या कोरीव कामासाठी. म्हणजे हाताचे कौशल्य हेही आत्म्याचे दान ठरते.

आपल्या भूमीत हे दान गांभीर्याने घेणाऱ्यांत अँजेलो दा फोन्सेका (१९०२–१९६७) यांचे नाव अग्रभागी आहे. गोव्यात जन्मलेल्या फोन्सेकांनी मुंबईचे जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सोडून बंगालची वाट धरली आणि अवनींद्रनाथ ठाकूर व नंदलाल बोस यांच्याकडून धडे घेतले. तिथली वॉश पद्धत संयमाची असते. कागदावर पातळ जलरंग लावायचा, तो वाळला की कागद पाण्यात भिजवायचा, सुटा रंग धुऊन जाऊ द्यायचा, उरलेल्यावर पुन्हा रंग चढवायचा. असे अनेकदा केल्यावर चित्राला आतून उजळल्यासारखी कांती येते. याच रंगांत त्यांनी साडी नेसलेली, गव्हाळ वर्णाची मरीया रंगवली. गोव्यात त्यावर टीकेची झोड उठली. पुढे त्यांचे वास्तव्य पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा संघाच्या आश्रमात झाले. आश्रम अँग्लिकन परंपरेतला, चित्रकार रोमन कॅथलिक. पण पंथाची भिंत त्यांच्या कामाच्या आड आली नाही.

अशा चित्रांवरचा पहिला आक्षेप दहा आज्ञांपैकी दुसऱ्या आज्ञेचा असतो: मूर्ती करू नये असे शास्त्र सांगत असताना चित्रे कशाला? ही भीती निराधार नाही. मोशेने केलेल्या पितळी सापापुढे लोक धूप जाळू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. पण ज्या निर्गमात ही आज्ञा आहे, त्याच ग्रंथात निवासमंडपासाठी करूब आणि याजकाच्या झग्याच्या घेरावर डाळिंबे करण्याचीही आज्ञा आहे. बंदी घडवण्याला नाही, घडवलेल्याची पूजा करण्याला आहे. शिवाय देव येशूच्या रूपाने देहधारी झाला असे मानणाऱ्यांनी दृश्य जगाचा धसका का घ्यावा?

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांत दलित समाजांतून आलेली कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत. कमळ, समई आणि भगवी वस्त्रे म्हणजेच भारतीयता असे ठरवले, तर ज्या व्यवस्थेने त्यांना वेशीबाहेर ठेवले तिचीच चिन्हे देवघरात येतील, असे अनेक दलित विचारवंत म्हणतात. हा आक्षेप मान्य करायला हवा. पण त्याचे उत्तर परदेशी कॅलेंडर नव्हे. हलगी, गोधडी, ज्वारीची कापणी, विहिरीवरची रांग हेही या मातीचेच दृश्य आहे. येशू गव्हाणीत जन्मला आणि सुताराच्या घरी वाढला. कष्टकऱ्यांचे जग त्याला परके नव्हते.

तिसरा आक्षेप दुष्काळी भागात साहजिकच येतो: पोटाला चिमटा असताना रंगांवर खर्च कशाला? मौल्यवान सुगंधी तेल येशूवर ओतणाऱ्या स्त्रीलाही गरिबांच्या नावाने असेच दटावले गेले. येशूने मात्र तिची बाजू घेतली आणि गरिबांचे भले करण्याची मोकळीकही कायम ठेवली. खरे तर सौंदर्य श्रीमंतांची मिरास कधीच नव्हते. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधडी शिवणारी बाई ऊब तर साधतेच, रंगसंगतीही साधते.

मराठवाड्यातल्या आपल्या मुखेडकरांना तर कलेची ओळख परक्या गावाहून करून घ्यावी लागत नाही. गावातले दशरथेश्वराचे मंदिर आणि जवळच्या होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे या भागातल्या पाथरवटांच्या हातांची साक्ष देतात. श्रद्धा वेगळी असली, तरी दगडाकडे इतक्या निष्ठेने पाहण्याचा धडा कुणालाही घेता येतो. म्हणून मंडळीच्या वडीलधाऱ्यांना आग्रहाची विनंती आहे. संडे स्कूलच्या मुलांना तयार चित्रे रंगवायला देऊ नका. कोरे कागद द्या, बालाघाटचे डोंगर आणि फुललेला पळस नीट पाहायला लावा आणि येशूचा जन्म आपल्याच शिवारात झाला असे समजून चित्र काढायला सांगा. त्यातले चांगले चित्र चौकटीत बसवून उपासनामंदिरात लावा.