घरात कोणी कोणते ॲनिमे पाहावे?

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्याच्या सुट्टीतील गोष्ट. रविवारची सकाळ होती. आमची थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा एकाच मोबाईलवर डोकी टेकवून बसले होते. पडद्यावर मोठाल्या डोळ्यांची चित्रे पळत होती. आम्ही सवयीप्रमाणे खेकसलो, "घोड्याएवढी झालात, अजून कार्टून बघता? जरा अभ्यासिकेत जाऊन बसा." थोरली मान वर न करता म्हणाली, "पप्पा, तुम्हीपण दर रविवारी मोगली बघायला शेजारच्यांच्या दारात जाऊन बसायचात. आजीने सांगितलंय आम्हाला. आणि तो मोगलीपण जपानीच होता."

आम्ही गप्प बसलो, कारण पोरीचे म्हणणे खरे होते. १९९३ साली दूरदर्शनवर 'जंगल बुक' सुरू झाले तेव्हा आम्ही शाळकरी पोर होतो. चाळीत मोजक्या घरी टीव्ही. रविवारी सकाळी त्या घरांच्या उंबरठ्याबाहेर चपलांचा ढीग पडायचा. गुलजारांनी लिहिलेले आणि विशाल भारद्वाज यांनी चाल लावलेले त्याचे हिंदी गाणे आजही आमच्या वयाच्या कोणालाही झोपेतून उठवून विचारा, पाठ असते. परंतु ही बावन्न भागांची मालिका जपानच्या निप्पॉन ॲनिमेशन कंपनीने १९८९ साली तयार केली होती, हे आम्हाला तीस वर्षे ठाऊक नव्हते.

त्या दिवसापासून आम्ही मुलांना सांगितले, तुम्ही काय पाहता ते आम्हालाही दाखवा. रात्री जेवणे आटोपल्यावर एक-दोन भाग, असा क्रम गेले वर्षभर चालू आहे. एक भाग साधारण तेवीस-चोवीस मिनिटांचा असतो. बरेचसे कार्यक्रम जपानी भाषेत आणि खाली इंग्रजी अक्षरे, असे असतात. काही हिंदीतही मिळतात. आमच्या आईला इंग्रजी येत नाही. मग थोरली ती अक्षरे वाचून भराभर मराठीत सांगते आणि मध्येच स्वतःची टीकाही घालते.

वस्तीत ही बातमी पसरल्यावर लोक विचारू लागले, चांगले ॲनिमे कोणते? आम्ही पडलो कारकून. कचेरीच्या खिडकीवर माणूस आला की आम्ही आधी विचारतो, दाखला कशासाठी हवा? शाळेसाठी, नोकरीसाठी की रेशनकार्डासाठी? ज्याचे जे काम, त्याला तो अर्ज. येथेही तसेच आहे. जपानमध्ये ओसामू तेझुका यांनी १९६३ च्या जानेवारीत 'ॲस्ट्रो बॉय' ही दर आठवड्याची मालिका सुरू केली, तेव्हापासून तेथे लहान मुलांपासून कामगार, गृहिणी आणि म्हाताऱ्या माणसांपर्यंत सर्वांसाठी अशा मालिका निघत आल्या आहेत. म्हणून आधी पाहणारा कोण ते सांगा, मग नाव विचारा.

अगदी लहान मुलांचे फारसे सांगायला नको. 'डोरेमॉन' २००५ पासून आपल्याकडे हिंदीत घरोघरी पोचला आहे. आळशी नोबिताने खिशातले यंत्र लबाडीने वापरले की ते उलटते, एवढे पोराला कळले तरी पुष्कळ. 'शिनचॅन'वर २००८ साली सरकारने बंदी घातली होती. नंतर तो काटछाट होऊन परत आला. बंदीने काही साधते असे आम्हाला वाटत नाही, पण जेवताना तो लावू नये. पोरे त्याच सुरात आईला उत्तरे देऊ लागतात.

आमच्या आईला मात्र जी मालिका लागली ती १९७४ सालची, 'हायडी'. स्वित्झर्लंडच्या डोंगरात आजोबांजवळ राहणारी अनाथ पोर. दिग्दर्शक इसाओ ताकाहाता. पुढे जगप्रसिद्ध झालेले हायाओ मियाझाकी तेव्हा त्यांच्या हाताखाली दृश्यांची आखणी करीत होते. हायडीला शहरात एका श्रीमंत घरी नेऊन ठेवतात. तेथे जेवणात मऊ पांढरा पाव मिळतो. डोंगरावरच्या आंधळ्या आजीला कडक पाव चावत नाही, म्हणून ही पोर रोज एकेक पाव कपाटात लपवून ठेवते. एक दिवस घरची कडक बाई ते कपाट उघडते आणि वाळलेले सगळे पाव फेकून देते. त्या रात्री थोरलीने भाषांतर करायचे थांबवले, तरी आईचे काही अडले नाही. गाव सोडून वस्तीत आल्याला तिला चाळीस वर्षे झाली. ज्यांच्या घरी गाव सुटलेली म्हातारी माणसे आहेत, त्यांनी ही मालिका जरूर लावावी.

खेळणाऱ्या पोरांसाठी 'हायक्यू'. विषय व्हॉलीबॉल. आमच्या वस्तीत संध्याकाळी दोन बांबूंना जाळी बांधून पोरे खेळतात, त्यांना आम्ही हेच नाव सांगितले. मियागी प्रांतातील एका शाळेचा संघ, त्यात हिनाता नावाचा पोरगा, उंची जेमतेम १६२ सेंटीमीटर. व्हॉलीबॉलसारख्या उंच माणसांच्या खेळात हा बुटका काय करणार? २०१४ ते २०२० या काळात चार पर्वे, पंचाऐंशी भाग झाले. आम्हाला विशेष आवडले ते असे की, पहिल्या फेरीत हरून घरी जाणाऱ्या साध्या संघांनाही येथे वेळ दिला आहे. ज्यांचे नाव कोणी विचारणार नाही, ती पोरे सामना संपल्यावर कशी रडतात तेही दाखवतात. आपल्याकडच्या खेळाच्या चित्रपटांत हरलेला संघ म्हणजे नुसता अडथळा असतो.

आता रहस्यकथांचे शौकीन. आमच्या कार्यालयात एक ज्येष्ठ सहकारी आहेत, बाबूराव अर्नाळकरांच्या पुस्तकांवर वाढलेले. त्यांना आम्ही 'मॉन्स्टर' सांगितले. नाओकी उरासावा यांच्या चित्रकथेवरून केलेली ही मालिका २००४-०५ मध्ये आली, चौऱ्याहत्तर भागांची आहे. जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरात डॉक्टर तेन्मा नावाचा हुशार जपानी शल्यविशारद नोकरी करतो. एके रात्री बांधकामावरचा एक तुर्की मजूर जखमी होऊन रुग्णालयात येतो. त्याच्यावर शस्त्रक्रिया व्हायची, तेवढ्यात वरून हुकूम येतो की, एक नामांकित गायक दाखल झाला आहे, आधी त्याला घ्या. गायक वाचतो. मजूर मरतो. दुसऱ्या दिवशी मजुराची बायको कडेवरच्या पोरासह डॉक्टरची वाट अडवते आणि विचारते, माझा नवरा आधी आला होता ना?

वाचक बंधू-भगिनींनो, सरकारी दवाखान्याच्या रांगेत ज्याने रात्र काढली आहे त्याला या प्रश्नाचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. पुढे पुन्हा तसाच प्रसंग येतो. डोक्यात गोळी लागलेला एक अनाथ मुलगा आधी येतो आणि त्याच्यामागून शहराचा महापौर. या वेळी डॉक्टर हुकूम मोडतो आणि मुलाला वाचवतो. महापौर मरतो, डॉक्टरची बढती जाते. आणि काही वर्षांनी कळते की वाचवलेला तो मुलगा थंड डोक्याचा खुनी झाला आहे. मग डॉक्टरने केले ते चूक होते काय? चौऱ्याहत्तर भाग हा माणूस त्या एका प्रश्नामागे जर्मनीभर हिंडतो. मधले काही भाग लांबले आहेत हे खरे. सहकाऱ्यांनी मात्र दोन महिन्यांत सगळे संपवले आणि आता जेवणाच्या सुट्टीत रोज आमच्याशी वाद घालतात. ही मोठ्या माणसांची मालिका आहे, लहानांसाठी नव्हे.

भगिनींसाठी काय, असे महिला मंडळात विचारले गेले. सासू-सुनांच्या मालिकांना कंटाळलेल्यांनी 'मोरिबितो' पाहावी. २००७ साली आली, सव्वीस भाग आहेत. नायिका बाल्सा तीस वर्षांची, हातात भाला, पोटासाठी दुसऱ्यांचे रक्षण करणारी. राजाच जिवावर उठलेल्या एका राजपुत्राला ती वाचवते आणि त्याला साध्या माणसांत राहायला शिकवते. मूळ कादंबरीच्या लेखिका नाहोको उएहाशी या मानववंशशास्त्राच्या अभ्यासक, ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींमध्ये त्यांनी संशोधन केले आहे. त्याची खूण मालिकेत दिसते. राज्याच्या संस्थापकाने राक्षसाला मारले, असा दरबारी इतिहास सर्वांना शिकवला जातो. खरी हकिकत मात्र तेथल्या मूळ रहिवाशांच्या लोककथांत आणि जुन्या शिळांवर लिहिलेली असते. आमच्या घरच्या आयुष्मती त्या भागानंतर म्हणाल्या, "म्हणजे तिथंपण असंच."

काही वाचक विचारतील, जपान बुद्धाला मानणारा देश, मग बुद्धांवर काही नाही का? आहे. तेझुका यांनीच १९७२ ते १९८३ या काळात 'बुद्ध' ही मोठी चित्रकथा लिहिली, तिच्यावर २०११ साली चित्रपट निघाला. त्यात सिद्धार्थाइतकेच महत्त्व चाप्रा नावाच्या गुलामाच्या पोराला आहे. तो आपली जात लपवून सेनापतीचा मुलगा म्हणून वाढतो आणि शेवटी त्याची आईच समोर येऊन उभी राहते. तेथून पुढचे आम्ही सांगत नाही. मात्र ही कल्पित पात्रे मिसळून केलेली कथा आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात रोहिणी नदीच्या पाण्यावरून झालेला शाक्य-कोलियांचा तंटा हे गृहत्यागाचे कारण सांगितले आहे, ते येथे नाही. मुलांना चित्रपट दाखवावा आणि नंतर ग्रंथातले ते प्रकरण वाचायला द्यावे.

तरुण पोरे 'अटॅक ऑन टायटन'चे नाव घेतात. २०१३ ते २०२३ अशी दहा वर्षे ती चालली. दंडावर पट्टी बांधून कुंपणात राहायला लावलेल्या लोकांची कथा तिच्यात आहे आणि ती जबरदस्त आहे, पण रक्तपात इतका की शाळकरी मुलांना आम्ही ती दाखवणार नाही. 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा १९८८ चा चित्रपट युद्धात पोरक्या झालेल्या बहीण-भावाचा आहे. आमच्याने तो एका बैठकीत पुरा झाला नाही.

आता जे सांगायचे ते थोडे कठीण आहे.

गेल्या पावसाळ्यात धाकट्याच्या शाळेतून निरोप आला. वर्गात एक मुलगा बोलताना अडखळतो. आमचा चिरंजीव आणि आणखी दोघे त्याची नक्कल करीत. तो मुलगा आठवडाभर शाळेत आलाच नव्हता. आम्ही बाईंसमोर मान खाली घालून उभे होतो. दर १४ एप्रिलला आम्ही मंचावरून बोलतो, अपमान काय असतो ते तावातावाने सांगतो, आणि आमच्याच घरात हे. घरी येऊन हात उगारला गेला, खोटे कशाला सांगा. पोरगा एवढेच म्हणत राहिला, "आम्ही गंमत करत होतो."

रात्री थोरली म्हणाली, "मारून काही नाही होणार. त्याला 'अ सायलेंट व्हॉइस' दाखवू."

हा २०१६ चा चित्रपट, दिग्दर्शिका नाओको यामादा. शोको नावाची कर्णबधिर मुलगी सहावीच्या वर्गात नव्याने येते. बोलता यावे म्हणून ती एक वही पुढे करते, माझ्याशी यात लिहून बोला म्हणते. शोया नावाचा मुलगा वर्गाला हसवण्यासाठी तिचा छळ मांडतो, तिच्या कानातली यंत्रे ओढून फेकतो. सगळा वर्ग हसत असतो. चौकशी आली की तोच वर्ग आणि तेच गुरुजी एकट्या शोयाकडे बोट दाखवतात. त्याची आई केशकर्तनालय चालवते. ती बँकेतून पैसे काढून त्या यंत्रांची भरपाई द्यायला शोकोच्या आईला भेटते. परत येते तेव्हा तिच्या कानातून रक्त येत असते. काय झाले ते कोणी सांगत नाही.

तेथे आमचा धाकटा उठून मोरीत गेला आणि बराच वेळ तोंड धूत राहिला. नंतर येऊन आजीच्या मागे बसला. पुढे मोठा झालेला शोया हातवाऱ्यांची भाषा शिकून शोकोला शोधत जातो, ते त्याने तिच्या खांद्यावरून पाहिले. चित्रपटात आत्महत्येच्या प्रयत्नाचे प्रसंग आहेत, म्हणून पालकांनी मुलांना हा एकट्याने पाहू देऊ नये, शेजारी बसावे. शोयाला फार लवकर माफी मिळते, असे आयुष्मतींचे मत आहे. आमचेही काहीसे तसेच आहे.

त्याच आठवड्यात मायलेक त्या मुलाच्या घरी गेले. काय बोलणे झाले ते आम्हाला दोघांनीही नीट सांगितले नाही. त्या मुलाची आई चहा न घेता जाऊ देईना, एवढे कळले. तो मुलगा आता शाळेत येतो. त्यालाही 'हायक्यू' आवडते असे निघाले, म्हणून शनिवारी संध्याकाळी तो आमच्याकडे येतो आणि दोघे दोन-दोन भाग पाहतात. दुसरे पर्व चालू आहे. त्याचा आवडता खेळाडू निशिनोया, संघातला सर्वांत बुटका. ते नाव उच्चारायला त्याला वेळ लागतो. धाकटा तेवढा वेळ थांबतो आणि मग पुढचा भाग लावतो.