आकडा याघींचा, भोकं रॉबसनची

रसायनशास्त्रज्ञ ओमर याघी यांच्या नावावर दोन लाखांहून अधिक सायटेशन जमा आहेत. २०२५चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना, क्योटोच्या सुसुमु कितागावांना आणि मेलबर्नच्या रिचर्ड रॉबसनना मिळून मिळालं. ते होतं सच्छिद्र धातू-सेंद्रिय चौकटींसाठी. या चौकटींवर आणि सायटेशनवर बोलताना काही गोष्टी हमखास चुकतात.

गैरसमज : सच्छिद्र द्रव्य म्हणजे उंची प्रतीचा स्पंज किंवा कोळसा.

वस्तुस्थिती : कोळशातली छिद्रं पडतील तशी पडतात, लहान-मोठी, वेडीवाकडी. धातू-सेंद्रिय चौकट, म्हणजे 'मॉफ', मांडवासारखी बांधली जाते. धातूचे अणू हे सांधे, कार्बनी रेणू हे बांबू, आणि मधल्या पोकळ्या मापात. चौकट तयार होताना या पोकळ्यांत द्रावक भरलेला असतो. तो काढल्यावर मांडव उभा राहतो का, हीच खरी परीक्षा. सुरुवातीच्या कित्येक चौकटी इथेच कोसळल्या. याघींची १९९९ची 'मॉफ-५' उभी राहिली. तिचे सांधे जस्ताचे आणि बांबू टेरेफ्थॅलिक आम्लाचे, म्हणजे पाण्याची पेट बाटली ज्यापासून बनते तेच. त्या वेळी मोजलेलं आतलं क्षेत्रफळ होतं एका ग्रॅमला सुमारे २,९०० चौरस मीटर. आपल्या हिशेबाने साडेअठ्ठावीस गुंठे! सातबाऱ्यावर चढत नाहीत, इतकंच.

गैरसमज : सायटेशन म्हणजे शाबासकी.

वस्तुस्थिती : दुसऱ्या संशोधकाने आपल्या शोधनिबंधात तुमच्या निबंधाचा संदर्भ दिला की एक सायटेशन झालं. संदर्भ कौतुकाचा असेल, 'यांची पद्धत वापरली' इतकाच असेल, किंवा 'यांचं मोजमाप पटत नाही' असाही असेल. मोजणाऱ्याला तिन्ही सारखेच. ऑलिव्हर लॉरी यांच्या प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरच्या १९५१च्या एकट्या निबंधाला तीन लाखांवर सायटेशन आहेत. लॉरींना नोबेल मिळालं नाही. याघींच्या खात्यातही २०१३चा 'सायन्स'मधला भरपूर संदर्भ मिळालेला लेख नव्या प्रयोगाचा नाही, आढाव्याचा आहे.

याघींचा आकडा फुगण्याचं कारण मला साधं वाटतं. त्यांची पाककृती दुसऱ्याच्या चुलीवरही जमते. त्यांच्या गटात काम केलेले राहुल बॅनर्जी पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत (एनसीएल) याच कुळातल्या चौकटी बनवत होते. अशी एकेक प्रयोगशाळा जोडली गेली की नव्या निबंधागणिक मूळ कृतीची नोंद वाढते.

गैरसमज : आता वाळवंटात हवेतून हवं तितकं पाणी.

वस्तुस्थिती : मॉफच्या पोकळ्या हवेतली वाफ धरून ठेवतात. याघींच्या २०१७च्या निबंधात दिवसाला किलोभर मॉफमागे २.८ लिटर पाण्याची क्षमता सांगितली होती. पुढे ॲरिझोनाच्या वाळवंटात यंत्र ठेवलं, तेव्हा एका दिवस-रात्रीत किलोमागे मिळालं सुमारे १०० ग्रॅम. पाणी खरंच निघालं, पण अर्धा कप.

गैरसमज : ज्याची सायटेशन जास्त, मूळ कल्पना त्याची.

वस्तुस्थिती : ही कल्पना लाकडी गोळ्यांतून निघाली. १९७४मध्ये रॉबसनना मेलबर्न विद्यापीठात विद्यार्थ्यांसाठी रेणूंचे नमुने हवे होते. अणू म्हणून वापरायच्या गोळ्यांना कुठे भोकं पाडायची, हे त्यांनी वर्कशॉपला आखून दिलं. गोळे हातात आल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की भोकांच्या जागा ठरल्या की पुढचा सांगाडा आपोआप ठरतो. मग खऱ्या अणूंनाच तसं जोडलं तर? विचार दहा वर्षांहून अधिक काळ डोक्यात राहिला. अखेर तांब्याचे आयन आणि चार हातांचा रेणू घेऊन त्यांनी हिऱ्यासारखी, पण आतून पोकळ रचना केली आणि १९८९मध्ये ती छापली. त्या चौकटी नाजूक होत्या, लवकर ढासळत. साहजिकच पुढे लोक मजबूत चौकटी करू लागले आणि संदर्भही त्या करणाऱ्यांचे देऊ लागले.

सायटेशनच्या आधारे नोबेलचे संभाव्य मानकरी सांगणाऱ्या २०१०च्या यादीत कितागावा आणि याघी दोघेही होते. पंधरा वर्षं आधी दोन नावं बरोबर! रॉबसन मात्र त्या यादीत नव्हते. नोबेल जाहीर झालं तेव्हा ते ८८ वर्षांचे होते.